होडीवाला चोर नाही

अगो, तुझ्या दहाव्याला खाडीच्या काठावर उभा राहून मी जे बोललो त्यावरून गावात अजून चर्चा चालली आहे. कुणाचा पोरगा? कसली चोरी? तुझ्या धाकट्या बहिणीची तर खात्रीच झाली आहे की आपल्या घरातलं काहीतरी गेलं आणि आपण ते दाबलं. परवा हळूच जवळ येऊन विचारते, "दाजी, बायची मोहनमाळ जाग्यावर हाय ना?" मी म्हटलं, हाय. पुढे काही सांगितलं नाही. सांगणार काय? अख्खं गाव उन्हात उभं होतं आणि मी पुस्तकातल्या एका होडीवाल्याबद्दल बोलत होतो, जो कधी कुणाच्या पोटी जन्मालाच आला नाही?

तुला मात्र लगेच कळलं असणार. म्हणून हे तुला लिहितो आहे. पिंकी म्हणाली, "आज्या, तू सांग, मी मोबाईलवर टाइप करते." मी म्हटलं, काही गरज नाही. चौथी पास आहे मी. माझ्या बायकोला मी माझ्या हाताने लिहीन. सुनेने कागद दिले, पेन दिलं, आणि पोरांना सांगितलं, आज्याच्या खोलीत जाऊ नका.

या सगळ्याचं मूळ आपली नातच. तुझ्या मशीनची गाडी नेरूळला जायची तेव्हा पिंकीही कॉलेजला त्याच गाडीतून यायची. तुझं रक्त धुणारं ते मशीन तुला नकोसं झालं होतं. "मी काय टेंपो हाय काय, दर दोन दिवसांनी धुवायला न्यायला?" असं तू ड्रायव्हरला विचारायचीस आणि तो बिचारा आरशातून माझ्याकडे बघायचा. एकदा तर तू गाडीत बसायलाच तयार नव्हतीस. ओटीवरच्या खांबाला धरून उभी. पोरगा विनवून थकला, सून रडली, मी ओरडलो. कशानेच तू हलली नाहीस. मग पिंकीने दप्तरातून ते निळं पुस्तक काढलं आणि तुझ्या हातात दिलं. वर चमचमणारी अक्षरं, खाली चंद्र, एक होडी, होडीत एक पोरगी आणि एक पोरगा. "आजी, चार तास पडून असतेस. हे वाच. माझ्या सगळ्या मैत्रिणी वेड्या झाल्यात याच्यासाठी."

तू सातवी शिकलेली. वाचायचा तुझा जुना नाद, भजीचा कागदसुद्धा वाचून मग टाकायचीस. गाडीत चढता चढता पहिलं पान उघडलंस आणि मोठ्याने वाचायला लागलीस.

गोष्ट अशी होती. समुद्रावर वसलेलं एक गाव. तिथे प्रत्येक घरात एक ज्योत. घरातली ज्योत विझली की त्या घरची माणसं आपल्या मेलेल्या माणसांना विसरून जायची, नावसुद्धा आठवायचं नाही. आणि एकेका घरची ज्योत चोरीला जायला लागली. शुभ्रा नावाची पोरगी त्या चोराचा माग काढायला निघते. तिची आई गेलेली, आणि आईची आठवण राहावी म्हणून ती घरची ज्योत जिवापाड जपते. तिला मदतीला अनय. होडी वल्हवतो, कमी बोलतो, हातांना सतत फडकं गुंडाळलेलं.

मी पहिल्याच दिवशी सांगितलं, "चोर होडीवालाच."

"तुमाला कसं ठाऊक? अजून चार पानं पन झाली नायत."

"हात का लपवतो तो? ज्योत उचलताना भाजले असनार."

"वल्हं मारून फोड आलं असतील."

"समुद्राच्या पान्यात ज्योत जळते कशी, ते आधी सांग."

"जादू हाय ती."

"मग जादूलाच विचार चोर कोन ते."

तू माझ्याकडे असं बघितलंस की मी खिडकीबाहेर बघायला लागलो. पण कान तुझ्याकडे होता. तुला ते ठाऊक होतं. मी ऐकतो आहे की नाही हे बघायला तू मध्येच थांबायचीस आणि मी न राहवून विचारायचो, "मग?"

खरी पंचाईत पुढे झाली. डाव्या हातात दोन सुया, तो हात हलवायचा नाही. पुस्तक जाडजूड, एका हातात मावेना. आधी मी पान धरायला लागलो. मग तुझे डोळे दुखायला लागले आणि तू म्हणालीस, "तुमी वाचा."

मी नाही म्हटलं. मी वाचतो ते दुकानांच्या पाट्या आणि जमिनीच्या नोटिसा, तेही गरज पडली तर. चार माणसांत अक्षर जुळवत बसायचं, ते माझ्याने व्हायचं नाही. "पोरीबाळींचं पुस्तक हाय ते," मी म्हटलं. तू पुस्तक मिटलंस, डोळेही मिटलेस, आणि म्हणालीस, "मंग राहू दे. पुढच्या टायमाला मी येतच नाय."

असा मी वाचायला लागलो. ओळीखाली बोट ठेवून. जोडाक्षर आलं की अडायचो, मागे जायचो, पुन्हा धाव घ्यायचो, खाचरातल्या बैलासारखा. 'अंतर्धान' या शब्दाने माझा जीव खाल्ला. शेजारच्या बेडवर कळंबोलीचे शिंदे, तीन ट्रकांचे मालक, साताऱ्याकडचे. त्यांनी पहिल्या दिवशी तोंडावरची चादर बाजूला केली. मला वाटलं, आता हा हसणार. तर म्हणतात, "काका, जरा मोठ्यांदा. हितं मशीन घूं घूं करतंय, ती पोरगी कुठल्या दारातनं गेली त्ये ऐकूच आलं न्हाई."

मग काय, दर खेपेचंच झालं. अर्धा वॉर्ड ऐकायचा. शिंदे माझ्या बाजूचे, "होडीवालाच चोर, काका, लिहून घ्या, माझ्याकडं असले ड्रायव्हर लई आले." केरळची लिसी सिस्टर तुझ्या बाजूची. ती सुई लावता लावता बोलायची, "नई नई, लडका अच्छा है, आज्जोबा. उसका आँख देखो." मी विचारलं, पुस्तकात डोळे कुठे दिसतात तुला? तर म्हणते, "दिखता है. आपको नई दिखेगा." आणि तू हसलीस. मशीन लागल्यापासून त्या खोलीत तू पहिल्यांदा हसलीस ती तेव्हा.

तू एक नियम घातलास. पुस्तक घरी उघडायचं नाही. मशीनवरच वाचायचं. का ते तू सांगितलं नाहीस आणि मी विचारलं नाही. पण त्यानंतर तू कधी ओटीवरच्या खांबाला धरलं नाहीस. गाडी आली की चप्पल पायात घालून तयार. कधी पाय जड पडलेच तर मी नुसतं म्हणायचो, "होडीवाला वाट बघत असंल." लोकांना वाटतं मी मुद्दाम सावकाश वाचत होतो, म्हणजे गोष्ट लांबावी. पिंकीने तर ते सगळ्यांना सांगितलं, आणि लोक मला चांगला म्हणतात. मुद्दाम काही नव्हतं. मला तेवढंच जमत होतं. पण जमत नव्हतं ते बरं झालं.

त्या दोघांचं पान आलं तो दिवस तुला आठवतो? पहाट, धुकं, होडी, आणि ती दोघंच. मी दोन ओळी पुढे डोळा टाकला आणि गुपचूप पान उलटलं.

"काका," शिंदे लगेच उठून बसले, "मध्येच कुठं गेलासा? आत्ता तर धुकं व्हतं!"

"धुकं गेलं. सकाळ झाली," मी म्हटलं.

"मागं जावा," तू म्हणालीस. "वाचा की. लग्नाला येवढी वर्षं झाली, आता कसली लाज?"

मी मागे गेलो. मोजणीची नोटीस वाचल्यासारखं वाचलं, आवाजात चढ नाही उतार नाही. तो अनय म्हणतो, "तू मला विसरलीस तरी मी रोज तुझ्या दारावरून होडी नेईन." लिसी सिस्टर भिंतीकडे तोंड करून खांदे हलवत होती. शिंदे म्हणाले, "काका, पोरगं येवढं बोलतंय, तुमी पंचायतीत उभं राहिल्यासारखं नका सांगू."

परत येताना गाडीत तू विचारलंस, "तुमी मना असं कधी बोल्लात?"

मी म्हटलं, "लगीन झालं तवा होडीतनंच आनली होती ना तुला? खाडीच्या पल्याडून?"

"होडी होती," तू म्हणालीस. "बोलनं न्हवतं."

द्रोणागिरीच्या फाट्यावर कंटेनरची रांग लागली होती, गाडी बराच वेळ तिथेच उभी. बोलायला भरपूर वेळ होता. मी ड्रायव्हरला विचारलं, "ही लाईन कवा सुटंल?" हेच बोललो मी.

पाणी तुला मोजून मिळायचं. घोटभर, वर बर्फाचा खडा. पुस्तकात पानापानावर समुद्र. तू म्हणायचीस, "बघा, त्या पोरीच्या पायाशी येवढा दर्या आनि मना वाटीभर नाय." हसत बोलायचीस, पण मी त्या दिवशी घरी येऊन तुझ्यासमोर पाणी प्यायचो नाही. मागच्या दाराला जाऊन प्यायचो. तुला तेही ठाऊक असणार.

आपलं भांडण मात्र वाढतच गेलं. आणखी तीन ज्योती गेल्या. प्रत्येक वेळी होडीवाला जवळपासच. मी म्हणायचो, बघ. तू म्हणायचीस, जवळपास असनं म्हंजे चोरी नाय. मी म्हणायचो, मग खरं का बोलत नाही तो? तोंड आहे ना? एकदा तू चिडलीस. मशीनवर होतीस, मान वळवता येत नव्हती, छताकडे बघत बोललीस.

"न बोलनाऱ्यावर तुमचा येवढा राग कशाला? मिठागरावरनं यायचात तवा तुमचं हात मिठानी फाटलेलं असायचं. मना दिसू नये म्हनून तुमी धोतरात लपवायचात. जेवताना पन डावा हात खाली. तुमी काय चोरी करून यायचात?"

लिसी सिस्टर पट्टी गुंडाळत होती, ती थांबली. मी पुस्तक घेतलं आणि पुढची ओळ वाचायला लागलो. ती आधी वाचलेली ओळ होती. कुणी मला तसं सांगितलं नाही.

अगो, मला वाटायचं तुला दिसत नाही. रात्री तू खोबरेल तेलाची वाटी माझ्या उशाशी ठेवायचीस. मला वाटायचं सगळ्याच बायका ठेवतात.

शेवटचा भाग राहिला होता. सोमवारी संध्याकाळी तू अंथरुणावरून म्हणालीस, "उद्या संपंल ना ते? मी जिंकनार, बघा. आनि मी जिंकली की चार मानसांत कबूल करायचं, हिराची बाजू खरी होती म्हनून." मी म्हटलं, "आधी जिंक तर." सकाळी तू उठली नाहीस. त्याबद्दल मी लिहीत नाही. ते आपल्या दोघांना ठाऊक आहे.

दहाव्याला पिंड ठेवला. तुझ्या आवडीचा गूळ घातलेला चहा ठेवला. पाण्याचा तांब्या मी काठोकाठ भरला, आता कोण मोजणार आहे. सगळे मागे सरकले. कावळे होते, नव्हते असं नाही. कंटेनर यार्डाच्या भिंतीवर रांगेने बसले होते आणि आमच्याकडे बघत होते. एकही खाली उतरेना.

मग सुरू झालं. आपला पोरगा पुढे झाला, हात जोडून म्हणाला, "आये, बाबांना काय कमी पडू देनार नाय." कावळा नाही. सून म्हणाली, देवघरातलं सगळं तुमच्यासारखंच करीन. नाही. तुझी बहीण म्हणाली, "बाय, पिंकीचं लगीन मी उभी राहून करीन, तू काळजी करू नको." पिंकी माझ्या कानाशी कुजबुजली, "मी एवढ्यात करणार नाहीये." भटजींना पुढे दुसऱ्या गावात जायचं होतं. त्यांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "ऊन वाढतंय. दर्भाचा कावळा करून लावून टाकू या का?"

तेव्हा पिंकी म्हणाली, "आज्या, पुस्तक."

मला राग आला. कारण ते मला आधीच सुचलं होतं. मी हलत नव्हतो ते मुद्दाम. तुला ठाऊक आहे मी कसा आहे. कंपाउंडच्या भिंतीच्या वादावरून सख्ख्या भावाशी अजून बोलत नाही. आपल्या संसारात एका भांडणात तरी मी हरलो म्हणून कबूल केलं आहे? शेवट वाचला नव्हता. होडीवाला चोर आहे याबद्दल माझ्या मनात तसूभर शंका नव्हती. आणि तू त्या भिंतीवर बसून होतीस. उपाशी. चहावर साय धरली होती.

मी पुढे गेलो. कावळ्यांकडे बघून, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं बोललो, "अगो, तो पोरगा चोर नाय. तू जिंकलीस. हिराची बाजू खरी. ये आता."

भटजींनी विचारलं, "कोण चोर? काही गेलंय का?" आणि भिंतीवरून एक कावळा उतरला, सरळ पिंडावर. तुझी बहीण ओक्साबोक्शी रडली, म्हणाली, बायचा जीव त्या पोरावर अडकला होता. गावाला अजून कळलेलं नाही कुठल्या. मी म्हणतो कावळ्याला भूक लागली होती. पण त्या आधी इतका वेळ ती का लागली नव्हती, ते मी कुणाशी वाद घालत बसलो नाही.

पिंकी रडत होती आणि हसत होती. तिला शेवट ठाऊक होता. मला तिथेच संशय यायला पाहिजे होता.

सगळं आटोपल्यावर मी पुस्तक घेऊन नेरूळला गेलो. पोरगा म्हणाला, "बाबा, आता तिकडं कशाला? घरी वाचा ना." त्याला कसं सांगणार, घरी उघडायचं नाही असा नियम आहे. तुझ्या बेडवर आता कोपरखैरण्याच्या एक बाई असतात. मला बघून लिसी सिस्टरच्या हातातला ट्रे थांबला. मग तिने स्टूल उचललं आणि शिंद्यांच्या बेडजवळ ठेवलं. शिंदे एवढंच म्हणाले, "वाचा काका. तेवढं राहिलंय."

मी वाचलं. बोट ठेवून, तुला वाचून दाखवायचो तसंच.

होडीवालाच चोर निघाला, अगो.

सगळ्या ज्योती त्यानेच उचलल्या होत्या. उघड्या हातांनी. त्या पोरीच्या घरची ज्योत पहिल्या पानापासूनच विझत आली होती आणि तिला पत्ता नव्हता. तिने आईला विसरू नये म्हणून तो लोकांच्या ज्योती आणून तिच्या ज्योतीत घालत होता. शिंद्यांनी मोकळ्या हाताने मांडीवर थाप मारली, "बोललो न्हवतो काका? चोरच! आपुन जिंकलो!" मला पहिल्या दिवसापासून हेच म्हणायचं होतं. आणि ऐकायला तू नाहीस. लोकांच्या घरात अंधार करून आपल्या माणसाच्या घरी उजेड करायचा, ही चोरीच, यात मला आजही शंका नाही. तू भांडली असतीस. काय बोलली असतीस ते मी शोधतो आहे आणि मला सापडत नाही, हे मला फार लागतं.

लिसी सिस्टर म्हणाली, "आज्जोबा, आगे पढो. लडकी क्या बोली?"

ती पोरगी त्याच्या हातांवरचं फडकं सोडते. भाजलेले हात बघते. आणि म्हणते, "हात लपवू नकोस. मला ठाऊक होतं."

त्या ओळीत एकही जोडाक्षर नाही. तरी मी अडलो. पुन्हा धाव घेतली, पुन्हा अडलो. शेवटी कोपरखैरण्याच्या त्या बाईंनी विचारलं, "काय म्हणाली हो ती?" आणि लिसी सिस्टरने माझ्या खांद्यावरून वाकून, अक्षर ओळखीचं नसताना, बोट त्या ओळीवर ठेवून धरलं, मी वाचेपर्यंत.

तुला ठाऊक होतं का? चोर तोच आहे हे तुला आधीच कळलं होतं आणि तरी तू त्याची बाजू घेत होतीस, असं तर नव्हतं? एवढं एकच मला विचारायचं आहे. उत्तर येणार नाही हेही मला कळतं. मी म्हातारा आहे, वेडा नाही.

पुस्तक मिटलं तेव्हा शिंदे खुशीत होते. "मग काका, मान्य ना? तुमची न् माझी पैज खरी झाली."

मी म्हटलं, "नाय. होडीवाला चोर नाय."

"अवो काका! आत्ता तुमीच वाचलं न्हवं? छापलंय तितं!"

"छापलं असंल. छापनारा आमच्या गावात राहत नाय. मी कावळ्यासमोर, चार मानसांत बोललोय. ते आता फिरनार नाय."

शिंद्यांनी लिसी सिस्टरकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि उशीवर मान टाकली. "तुमच्याशी बोलून उपेग न्हाई, काका."

"आमची ही पन हेच म्हनायची," मी म्हटलं.